येते म्हणून गेलेल्या आईसाहेबांना

आईसाहेब, आधी एक सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला तिकडे चैन पडायची नाही. ‘श्रद्धांजली’तला द्ध बरोबर आहे. कर्जतच्या चौकातल्या वीस फुटी बॅनरवर तो चुकला होता. मी शिडी लावून वर चढलो आणि ब्रशने स्वतःच्या हाताने नीट केला. खालून बाळूशेठ ओरडत होता, "अरे पेंटर, उतर खाली! अंत्ययात्रा निघायची वेळ झाली आणि तुला आत्ता शुद्धलेखन सुचतंय?" मी म्हटलं, ज्यांची अंत्ययात्रा आहे त्यांनीच हे काम सांगून ठेवलंय. तो गप्प बसला. तुमचं नाव घेतलं की अजून लोक गप्प बसतात, एवढं राज्य तुमचं शिल्लक आहे.

काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळी दुकान उघडून लिहायला बसलोय. खरं सांगू का? रडून रडून झालं, आणि आता मला फार हलकं वाटतंय. माणूस गेल्यावर असं बोलू नये, पण तुमच्याशी खोटं बोललेलं मला कधी पचलंय? तुम्ही शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी जिना चढलात आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेलात, चहा अर्धा प्यायलेला. नाकात नळ्या नाहीत, काचेआडून बघणं नाही. सुटलात बाई, असं दहिवलीतली प्रत्येक बाई म्हणाली आणि मलाही तेच वाटलं. पण हलकं वाटायचं दुसरं एक कारण आहे. तुम्हाला दिलेला शब्द मी दोन वर्षं छातीवर घेऊन फिरत होतो. तो मोडता मोडता राहिला. कसा राहिला ते तुम्हाला कळायला हवं, कारण तो मी पाळलेला नाही.

पेपरात आलं, ‘संस्थानच्या शेवटच्या राणीसाहेबांचे निधन’. सुनंदाने वाचलं आणि मला विचारते, "कंचं संस्थान वो? कुठं हाय ते?" इतकी वर्षं तुमच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसलेली माझी बायको, पण तिला ठाऊक नाही. ते घाटावर कुठेतरी, नकाशात शोधायला भिंग लागेल, असं तुम्हीच म्हणायचात. आम्हाला माहीत ते तुमचं इकडचं राज्य. बंगला मुलींच्या वसतिगृहाला देऊन टाकल्यावर घेतलेला दहिवलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, एक काळी छत्री, आणि टमटममध्ये ड्रायव्हरशेजारची जागा. त्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं असलं तर ड्रायव्हर त्याला मागे पाठवायचा. तुम्ही नको नको म्हणायचात आणि बसायचात.

कर्जत काय, खालापूर काय, कुठे मयत झालं की तिसऱ्या दिवसाच्या आत ती छत्री त्या दारात टेकलेली. घर कडावच्या मोठ्या शेतकऱ्याचं असो, बौद्धवाड्यातलं असो, नाहीतर डोंगरावरच्या वाडीतलं. जात कधी विचारली नाहीत, पत्ता मात्र नीट विचारायचात. जाऊन फार बोलायचा नाहीत. बायकांच्यात खाली जमिनीवर बसायचात, घरातली कोणी जेवली नसेल तर तिला चार घास खायला लावायचात. आणि उठताना म्हणायचात, "येते हं."

मयताच्या घरून उठताना कोणी असं म्हणतं का? एरवी आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. पण मयताच्या घरी तेही नाही. म्हटलं तर पुन्हा असाच प्रसंग येवो असा अर्थ होतो. तिथे माणूस मुकाट उठतो, चपला शोधतो आणि चालू लागतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. राणीसाहेब असून यांना एवढी रीत माहीत नाही, असं लोक पाठीमागे बोलायचे. लहानपणापासून राजवाड्यात वाढल्या, यांना कोण सांगणार, असंही म्हणायचे. मीही बोललोय, लपवत नाही.

मग आमच्या घरी वेळ आली. आमची पहिली मुलगी दीड वर्षाची होऊन गेली. तापाचं निमित्त झालं. मी तेव्हा नेरळपासून खोपोलीपर्यंत दुकानांच्या पाट्या रंगवत हिंडायचो, तुमची-माझी साधी ओळखही नव्हती. तुम्ही आलात तेव्हा सुनंदा भिंतीकडे तोंड करून बसलेली. कोणाकडे बघत नव्हती, कोणाशी बोलत नव्हती. तुम्ही काय केलंत, तिच्या मागे बसलात, पाठीला पाठ लावून. तासभर तशाच बसून राहिलात. थकून ती मागे रेलली, तेव्हा कुठे तिला कळलं की मागे कोणीतरी आहे. मग तुम्ही उठलात आणि म्हणालात, "येते गं सुनंदा."

तुम्ही पायऱ्या उतरत होतात तेवढ्यात ती कडाडली. "ऐकलंत का? येते म्हनते! आनि काय न्याचं राह्यलंय आमच्या घरातनं? अपशकुनी मेली! पुन्यांदा पाय ठिवू देऊ नका तिला!"

तुम्ही ते ऐकलंत की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तुमची छत्री क्षणभर थांबल्यासारखी मला वाटली. पण पायरी तुटकी होती, म्हणूनही थांबली असेल.

आठव्या दिवशी तुम्ही परत आलात. हातात भिजवलेल्या वालांचा डबा. बिरडं करायचंय, सोलायला मदत कर म्हणालात आणि फतकल मारून बसलात. सुनंदाने हात लावला नाही. तुम्ही एकट्याच सोलत बसलात आणि दहातले आठ वाल मोडलेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा डबा, पुन्हा मोडतोड. तिसऱ्या का चौथ्या वेळी सुनंदाला बघवेना. "अवो, असं नाय! बोटानं हलकं दाबायचं, मग दाना आपसूक भाईर येतोय. द्या हिकडं!" त्या दिवशी कडाडल्यापासून ते तिचं पहिलं धड वाक्य. मी आत होतो, मोरीत जाऊन रडलो. तुम्हाला खरंच वाल सोलता येत नव्हते, की मुद्दाम मोडत होतात, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. सुनंदा म्हणते, राणीच ती, तिला कुठलं येतंय. मी म्हणतो, इतकी वर्षं सोलून एखादी बाई शिकली नसती का?

तेव्हा मला तुमच्या ‘येते’चा अर्थ लागला. बाकीचे सगळे एकदाच आले, कारण पुन्हा यायला त्यांना प्रसंग लागला असता. तुम्ही बिनप्रसंगाच्या आलात, येतच राहिलात. धाकटी झाली तेव्हा बाराव्या दिवशी तिला पहिली मांडीवर घेतलीत तुम्हीच. पण सुनंदा त्या शब्दाबद्दल तुमच्याशी कधी बोलली नाही. माफी मागायची तिच्या जिभेला सवय नाही. वालाचं बिरडं केलं की पहिली वाटी दहिवलीला, एवढंच तिला जमलं.

आता दोन वर्षांपूर्वीची ती फजिती. तुम्हाला पनवेलला दवाखान्यात नेलं होतं, आणि मोबाइलवर कोणीतरी टाकलं, ‘राणीसाहेब गेल्या’. बाळूशेठ धावत माझ्याकडे. चौकातला पुढारी आपला, माणूस वाईट नाही, फक्त स्वतःच्या फोटोची हौस दांडगी. "पेंटर, तासाभरात बॅनर पायजेल. वर आईसाहेब, खाली शोकाकुल आमी एकतीस जन." मी डोळे पुसत होतो आणि धाकटी कॉम्प्युटरवर एकतीस तोंडं कापत होती. संध्याकाळच्या आत बॅनर चौकात लागला.

दुसऱ्या दिवशी अकराला टमटम थांबली आणि पुढच्या सीटवरून तुम्ही उतरलात. भाजीवालीच्या हातातून तराजू पडला. तुम्ही बॅनरखाली उभ्या राहून, छत्री टेकून, वरपासून खालपर्यंत सगळा वाचलात. एकतीस तोंडंही एकेक करून बघितलीत. मग माझ्या दुकानात आलात.

"पेंटर, द्ध चुकलाय."

"आईसाहेब, तुम्ही..."

"मी आहे. ते नंतर बघू. आधी अर्धा द, मग पूर्ण ध. तू उलटं केलंस. श्रध्दांजली म्हणे! माणूस एकदाच मरतो रे, तेवढं तरी शुद्ध लिहा."

"कॉम्प्युटरच्या फाँटमुळे..."

"फाँटला शाळा नव्हती, तुला होती. आणि हा खालचा कोण? याचा गॉगल माझ्या तोंडापेक्षा मोठा आहे. दुःख नक्की कोणाला झालंय?"

मी हसत होतो की रडत होतो, देव जाणे. तुमच्या पायांवर डोकं ठेवलं तर म्हणालात, ऊठ, आधी तो बॅनर काढ आणि नीट घडी घाल, चांगलं कापड आहे. तो बॅनर तुम्ही कडावच्या ठकूबाईला दिलात, पेंढा झाकायला. दोन पावसाळे तिच्या म्हशींचा पेंढा तुमच्या तोंडाखाली कोरडा राहिला. बाळूशेठचं तोंड नेमकं गोठ्याच्या बाजूला आलं होतं, तेही तुम्हीच जाऊन बघून आलात आणि आठवडाभर हसत होतात.

पण त्या दिवशी बॅनर उतरवून झाल्यावर तुम्ही माझ्या स्टुलावर बसलात. म्हणालात, "खरंच जाईन तेव्हा लोकांना काय लावायचं ते लावू दे. त्यांना अडवू नकोस. माणसांना दुःख मांडायला जागा लागते. तू फक्त द्ध बघ. पण तुझ्या हातचा एक बोर्ड मला हवा. ब्रशने लिहिलेला. फोटो नको, राणीबिणी काही नको. एकच शब्द लिही."

"कोणता?"

"येते."

मी उडालोच. म्हटलं, आईसाहेब, मेलेलं माणूस येते म्हणतंय, लोक घाबरून पळतील. तुम्ही म्हणालात, जिवंतपणी म्हणत होते तेव्हाही घाबरायचे, मग सवय झाली. मी म्हटलं, तेव्हा तुम्ही खरंच यायचात. गेल्यावर कशा येणार? बाहेर टमटमवाला हॉर्न मारत होता. तुम्ही छत्री उचललीत. "ते मी बघते. तू शब्द दे." मी दिला. नंतर दोन वर्षं मी हा वाद पुन्हा पुन्हा काढला. दरवेळी तुम्ही कुठल्यातरी दुकानाच्या पाटीवरचं शुद्धलेखन काढून विषय बदललात. कशा येणार, याचं उत्तर काही दिलं नाहीत.

मग ती सकाळ आली. आधीच्या फजितीमुळे कोणी विश्वास ठेवेना. बाळूशेठ स्वतः दहिवलीला जाऊन बघून आला आणि तुमच्या जिन्यातच बसून रडला. हे मी मुद्दाम सांगतोय, तुम्ही त्याच्या गॉगलवर फार बोलायचात. तासाभरात सगळी बाजारपेठ आपणहून बंद. कोणी सांगायला गेलं नाही. घाटावरून तुमचे भाचे आले, फेटे बांधलेली मंडळी आली. वाडीवरच्या बायका डोंगर उतरून चालत आल्या. शेलूच्या नव्या बिल्डिंगांतले लोक ऑफिसला दांडी मारून आले, ज्यांना इथे येऊन चार वर्षंही झाली नाहीत. जो तो एकच गोष्ट सांगत होता, आमच्या घरी मयताला आल्या होत्या आणि येते म्हणाल्या होत्या. मला वाटायचं, तुम्ही आमच्याच. त्या दिवशी कळलं की सगळ्यांनाच तसं वाटत होतं. थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू.

बाळूशेठ बॅनरला आला तर मी म्हटलं, आज माझ्याकडे एकच बोर्ड होणार. तो चिडून नेरळहून बॅनर करून घेऊन आला. मी फळीला पांढरा रंग दिला आणि ‘येते’ लिहायला घेतलं. ‘ते’वरची मात्रा काढेपर्यंत बाळूशेठ मागे येऊन उभा. "पेंटर, डोकं फिरलं का तुजं? एवढी मोठी मान्सं आलीत घाटावरनं. राणीसायबांची थट्टा केली म्हनतील. जोड्यानं मारतील तुला!"

जोड्यांची भीती नव्हती मला. पण तुमची थट्टा केली असं कोणाला वाटलं तर? आईसाहेब, मी तो बोर्ड भिंतीकडे वळवून ठेवला. वर जुनी चादर टाकली. मग नेरळच्या बॅनरवर द्ध चुकलेला दिसला आणि मी शिडी घेऊन पळालो. तुम्हाला वाटलं असेल, बघा कसा शब्दाला जागला. कसला जागतोय! मोठं काम टाळायला छोटं काम धरून शिडीवर चढलो होतो.

शिडीवरूनच मला सुनंदा दिसली. काखेत बोर्ड, रंग अजून ओला, तिच्या चांगल्या साडीला लागलेला. गर्दीतून वाट काढत ती थेट तुमच्या टेंपोपाशी आली. फुलांत तुम्ही दिसतही नव्हतात. तिने बोर्ड टेंपोच्या मागच्या फळीला टेकवला, मागून चालणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. बाळूशेठ पुढे झाला, "वहिनी, हे काय?"

"तिचा निरोप हाय," सुनंदा म्हणाली. "तिनं सांगितल्याला. तुज्या बॅनरवं एकतीस मान्सं बोलत्यात, तिनं एक शबुद बोलायचा नाय व्हय?"

पुढेच कडावची ठकूबाई उभी होती. तिला वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय लिवलंय गं सुनंदा?"

जो शब्द तिने तुमच्या पाठीवर परत फेकला होता, तोच तिला सगळ्यांसमोर बोलायचा होता. तिने पदराने तोंड पुसलं आणि मोठ्याने म्हणाली, "येते."

मी शिडीला घट्ट धरलं. म्हटलं, आता झालं. फेटेवाले एकमेकांकडे बघायला लागले. आणि ठकूबाईने, दारातून निघालेल्या लेकीला म्हणावं तसं, तुमच्याकडे बघून म्हटलं, "ये गं बाय."

तेवढंच हवं होतं बघा. आपल्याकडे कोणी येते म्हटलं की ‘या’ म्हणायचं अडवून धरताच येत नाही. मागून वाडीच्या बायका म्हणाल्या, ये गं. मग शेलूचे लोक, टमटमवाले, वसतिगृहाच्या मुली, सगळे, "या आईसाहेब, या." एका फेटेवाल्या भाच्याने फेटा काढून हातात घेतला आणि तोही म्हणाला. टेंपो नदीकडे निघाला तसा दोन्ही बाजूंनी, गॅलऱ्यांतून, बंद दुकानांच्या पायऱ्यांवरून, "या, या." सगळ्यात मोठा आवाज बाळूशेठचा. मयताला चाललेली माणसं हसत रडत होती. असलं कर्जतने कधी बघितलं नव्हतं.

मी मात्र म्हणालो नाही. म्हणायचं होतं, तोंडही उघडलं. टेंपो माझ्या शिडीजवळून गेला आणि मी नुसता ब्रश धरून उभा राहिलो. सगळ्या तालुक्याने तुम्हाला ‘या’ म्हटलं, तुमच्या पेंटरने सोडून. तेवढं मला तेरा दिवस लागून राहिलं होतं.

घरी आल्यावर सुनंदाने साडीवरचा रंग घासला. निघाला नाही. मग म्हणाली, "मी तिला अपशकुनी म्हनली व्हती. तिनं ऐकलं असंल का वो?" मी म्हटलं, ऐकलं असणारच, म्हणून तर आठव्या दिवशी आल्या. ती खूप रडली. रडता रडता म्हणाली, "वाल पन धड सोलता येत नव्हतं मेलीला," आणि हसायला लागली. तिलाही सुटल्यासारखं वाटलं असावं. त्या दिवशी आम्ही दोघं पोटभर जेवलो. तुम्ही असतात तर तेच सांगितलं असतंत.

काल तेराव्याला तुमच्या भाच्याने विचारलं, आत्याबाईंची काही आठवण हवी का? मी संकोचलो. सुनंदाने सरळ छत्री मागून घेतली.

आणि आज सकाळी, मी हे लिहीत असताना, ती तयार होऊन दुकानातून बाहेर निघाली. कडावच्या अलीकडे एका तरुण बाईचा नवरा गेलाय, आमच्या ओळखीपाळखीची नाही. सुनंदा परवाच जाऊन आली होती. हातात भिजवलेल्या वालांचा डबा, काखेत तुमची छत्री. मी विचारलं, परवा गेली होतीस ना, आज परत कशाला? म्हणाली, "उठताना मी येते म्हनली व्हती. पोरगी अशी बघाया लागली माझ्याकडं, जशी मी बघितली व्हती. मग जायला नको?"

टमटम थांबली. ड्रायव्हरने शेजारच्या माणसाला मागे पाठवलं. सुनंदाने पायरीवर पाय ठेवला, मागे वळून मला म्हणाली, "येते हं."

मी ‘ये’ म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं, "या."